रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप व नागपूरची पाषाणपर्णे

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या एका विद्यार्थ्याने वाघूर नदीच्या पात्रात सापडलेला एक गुळगुळीत दगड वर्गात आणून आमच्या मेजावर ठेविला. दगडाचे अंग पांढुरके व अर्धपारदर्शक असून त्यात हिरव्यागार शेवाळाच्या शाखा पसरल्यासारख्या दिसत होत्या. हे लाखो वर्षांपूर्वीचे झाड असून ते दगडात अडकून राहिले आहे, असे सर्व वर्गाचे ठाम मत पडले. खरे सांगावयाचे तर प्रथमदर्शनी आमचीही तशीच समजूत झाली होती. परंतु घरी जाऊन पुस्तके चाळल्यावर व भिंगाने दगड पाहिल्यावर आमची निराशा झाली. तो शेवाळी अकीक होता. त्यातील शाखा कोणत्याही वनस्पतीच्या नसून खनिजद्रव्ये दगडाच्या पोकळीत पाझरत गेल्याने उमटलेली ती नक्षी होती. वनस्पतीसारखे दिसणारे सर्व काही वनस्पती नसते हे आम्हांस त्या दिवशी मुलांसमोर कबूल करावे लागले.

तेव्हा मुलांनी साहजिकच विचारिले की, आपल्या या काळ्या दगडांच्या मुलखात खरीखुरी पाषाणझालेली पाने कोठे सापडतात काय, आणि सापडलीच तर ती आपणांस काय सांगू शकतात? या प्रश्नांचे उत्तर देण्यासाठीच आम्ही या अंकात एका शिक्षकाचे चरित्र देत आहो. त्यांचे नाव नागपूरच्या एका सुप्रसिद्ध महाविद्यालयामुळे सर्वतोमुखी आहे. परंतु ते गृहस्थ कोण व त्यांनी काय केले हे त्या महाविद्यालयाचे नाव घेणाऱ्यांपैकी थोड्यांसच ठाऊक असते.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील बेरिकशायर परगण्यात डन्स या लहानशा गावी झाला. वडील धंद्याने गवंडी होते व आपल्या मंडळीत वडीलपणाचे काम पाहात. दगड फोडणे, घडणे व बसविणे हा ज्या घरचा रोजचा उद्योग, त्या घरात वाढलेल्या मुलाने पुढे हजारो कोसांवर जाऊन दगडांचाच अभ्यास करावा, हा योगायोग आम्हांस मोठा गमतीचा वाटतो. स्टीफनचे थोरले बंधू अलेक्झांडर हेही पुढे पाद्री झाले व ग्रंथकार म्हणून नावारूपास आले. घरची स्थिती बेताचीच होती. तथापि मुलांच्या शिक्षणात हयगय झाली नाही, आणि स्टीफन यांनी एडिंबरो व ग्लासगो येथील विद्यापीठांत अध्ययन केले.

१८४३ साली स्कॉटलंडच्या मंडळीत मोठी फूट पडली व स्वतंत्र मंडळी स्थापन झाली. तिच्या कारणांचा ऊहापोह येथे नको. हिस्लॉप या नव्या मंडळीस मिळाले, आणि पुढल्याच वर्षी, म्हणजे १८४४ त, तिने त्यांस हिंदुस्थानात पाठविले. १८४५ च्या आरंभी ते नागपुरास पोहोचले. त्या वेळी नागपुरावर तिसरे रघूजी भोसले यांचे राज्य होते. कामठीस इंग्रजांची छावणी होती. आगगाडी तर त्या बाजूस १८६७ साली आली, म्हणजे हिस्लॉपसाहेबांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी! सारांश, जे काही हिंडावयाचे ते घोड्यावरून, बैलगाडीतून किंवा पायी. आम्ही हे मुद्दाम सांगतो, कारण त्यांच्या पुढील शोधांचे अर्धे श्रेय या संथ प्रवासास दिले पाहिजे. आगगाडीतून जाणाऱ्यास नाल्याच्या काठचा दगड दिसत नाही.

नागपुरास आल्यावर त्यांनी मराठी शिकून घेतली व १८४६ साली शाळा उघडली. याच कार्यातून पुढे १८८३ साली महाविद्यालय निघाले व त्यास त्यांचे नाव देण्यात आले. परक्या संस्थानात, परक्या भाषेत व लोकांच्या साशंक नजरेपुढे शाळा चालविणे किती कठीण असेल याची कल्पना ज्यांनी शाळा चालविली आहे त्यांसच येईल. त्यांच्या जोडीस रॉबर्ट हंटर नावाचे दुसरे तरुण पाद्री आले. हे दोघे सहकारी सुमारे नऊ वर्षे एकत्र होते. पुढे १८५५ साली प्रकृतीने साथ न दिल्यामुळे हंटर मायदेशी परतले व तेथे त्यांनी एक मोठा ज्ञानकोशात्मक शब्दकोश सिद्ध केला. नागपूरच्या भूशास्त्राची गोष्ट निघाली म्हणजे लोक एकट्या हिस्लॉपांचे नाव घेतात व हंटरांस विसरतात. हे आम्हांस न्याय्य वाटत नाही. पहिला महत्त्वाचा निबंध दोघांच्या नावे प्रसिद्ध झाला होता, हे लक्षात ठेविले पाहिजे.

हिवाळ्यात शाळेच्या कामातून सवड काढून हे दोघे खेडोपाडी फेऱ्या करीत. सकाळ-संध्याकाळ लोकांशी बोलणे होई आणि मधल्या वेळी वाटेतील टेकड्या, विहिरी व नाले यांचे निरीक्षण चाले. १८५१ च्या सुमारास नागपूरच्या वेशीबाहेर टाकळी येथे त्यांस जे आढळले ते समजण्यासाठी आधी आपल्या सोयगावच्या डोंगरांकडे पाहिले पाहिजे.

आपल्या तालुक्यात लेणापुराजवळ अजिंठ्याची लेणी आहेत. ज्या कातळात ती कोरिली आहेत तो कातळ एके काळी वितळलेला व वाहता होता. भूमीच्या पोटातून तप्त रस वर येऊन दूरवर पसरे, थिजे, आणि काही काळाने त्यावर दुसरा थर येई. घाटातून जाताना हे थर पायऱ्यांप्रमाणे एकावर एक रचलेले दिसतात. दख्खनच्या पुष्कळ घाटांत दोन काळ्या थरांच्या मध्ये लाल मातीचा एक पट्टाही दृष्टीस पडतो. एक थर थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत जो काळ गेला त्याची ती खूण होय. हा काळ कधी कधी इतका दीर्घ असे की, थिजलेल्या दगडावर माती होऊन झाडे उगवत, खोलगट जागी तळी साचत, तळ्यांत गोगलगाई व मासे नांदत, काठची फळे व पाने पाण्यात पडून चिखलात रुतत. मग एके दिवशी पुन्हा तप्त रस येऊन त्या साऱ्या संसारावर झाकण घाली.

टाकळीस हिस्लॉप व हंटर यांस अशा एका झाकलेल्या तळ्याचा गाळ सापडला. गाळाचा दगड झाला होता व त्यात गोड्या पाण्यातील शंख, फळे, बिया, लाकडाचे तुकडे आणि भुंगेऱ्यांच्या कठीण पंखांचे अवशेषसुद्धा होते. तोच थर त्यांनी सीताबर्डीच्या टेकडीतही ओळखला. हे शंख गोड्या पाण्यातील असल्यामुळे आजूबाजूस समुद्र नसून तळी होती, इतके त्यांनी ताडले. पुढे त्यांनी नागपूरच्या परिसराचा भूशास्त्रीय वृत्तांत लिहून लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेकडे पाठविला व तो १८५५ साली तिच्या त्रैमासिकात छापून आला. नमुन्यांच्या पेट्या भरून विलायतेस जाऊ लागल्या. टाकळीच्या एका हिरवट खनिजास त्यांच्या नावावरून हिस्लोपाइट म्हणू लागले. नागपूरच्या तलावातील एका सूक्ष्म जलचरास मुंबईचे कार्टर यांनी १८५८ साली हिस्लोपिया हे नाव दिले.

टाकळीहून कितीतरी जुने असे दुसरे अवशेष त्यांस नागपूरच्या उत्तरेस सिलेवाडा, भरतवाडा व कामठी या भागांतील वालुकाश्मात मिळाले. येथील पाने जिभेच्या आकाराची असून त्यांच्या मधल्या शिरेपासून बारीक शिरांचे जाळे निघालेले असते. या वनस्पतीस ग्लॉसोप्टेरिस म्हणतात. ही पाने हिस्लॉपांनी इतक्या विपुल संख्येने व इतक्या काळजीने गोळा केली की, १८६१ साली सर चार्ल्स बनबरी यांनी केवळ या नागपुरी संग्रहावर स्वतंत्र निबंध लिहिला. नागपूरच्या दक्षिणेस मंगळी येथे मिळालेली एका बेडूकवर्गीय प्राण्याची कवटी रिचर्ड ओवेन या विख्यात शास्त्रज्ञांनी तपासली व तिचे नामकरण केले. ही पर्णशिला, उमरेठचा कोळसा व दूर बंगालमधील बरद्वानचा कोळसा या तिघांचे नाते आहे, असेही हिस्लॉप यांनी प्रतिपादिले आणि ते मूलतः बरोबर ठरले.

परंतु त्यांच्या हातून चुकाही झाल्या. त्या झाकून ठेवणे हे त्यांच्या स्मृतीस शोभणार नाही. नागपूरची पर्णशिला ज्युरासिक काळातील असावी, अशी त्यांची समजूत होती. विलायतेतील त्या काळच्या शिलांतील पानांशी तुलना करून त्यांनी हे अनुमान काढिले होते. आज आपण जाणतो की, ही पाने त्याहून पुष्कळ जुनी, पर्मियन काळातील, म्हणजे २५ कोटी वर्षांहूनही आधीची आहेत. उलट टाकळीच्या तळ्यास त्यांनी थोडे अलीकडचे मानिले. आपले हे मत त्यांनी १८६० साली निबंधरूपाने मांडले व त्यावर पुढे पाऊणशे वर्षे वाद चालला. १९३४ साली प्रा. बिरबल सहानी यांनीही या थरांतील ताडवर्गीय झाडांचे प्रमाण देऊन हिस्लॉपांच्याच बाजूस कौल दिला. अखेर दगडांतील किरणोत्सारी द्रव्ये मोजून हा काळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा ठरला. म्हणजे तो अगदी दोन युगांच्या सांध्यावर पडला. तेव्हा दोन्ही पक्षांची थोडी थोडी मान राहिली असे म्हणण्यास हरकत नाही.

या चुकांचे मूळ कशात होते? हिस्लॉपांच्या वेळी पान वाचण्याचे साधन एकच, ते म्हणजे त्याचा आकार. जाड व चिवट पान दिसले की कोरडी हवा, ताडाचे फळ दिसले की उष्ण देश, असे तर्क करावे लागत. हे तर्क निरुपयोगी नव्हेत, परंतु आकार फसवितो. आमच्या मेजावरील अकिकाने आम्हांस फसविले, तद्वत. पान काय म्हणते हे त्याच्या आकारावरून नव्हे तर ते ज्या द्रव्याचे बनले आहे त्या द्रव्यावरून वाचता येईल, ही कल्पना हिस्लॉपांच्या पिढीस येणे शक्यच नव्हते. कारण त्यासाठी लागणारी समस्थानिक ही संज्ञाच मुळी १९१३ साली जन्मास आली, व समस्थानिकांचे वजन करणारे यंत्र ॲस्टन यांनी १९१९ साली बनविले.

ही गोष्ट सोयगावच्या शेतकऱ्याच्या मुलास समजणे कठीण नाही. कार्बनचे सर्व परमाणू सारख्याच गुणांचे, परंतु सारख्याच वजनाचे नव्हेत. शंभरांत सुमारे नव्याण्णव हलके असतात व एखादा जड असतो. हा जड परमाणू किरणे टाकीत नाही, झिजत नाही, कोट्यवधी वर्षांनीही जसाच्या तसा राहतो. म्हणून त्यास स्थिर समस्थानिक म्हणतात. हवेतील कर्बवायूतही हे दोन्ही प्रकार मिसळलेले आहेत. आता कापशीचे झाड पानांवरील सूक्ष्म रंध्रांतून तो वायू आत घेते तेव्हा ते धान्य चाळून घेणाऱ्या गृहिणीप्रमाणे निवड करिते. हलका कार्बन ते आवडीने पदरात घेते व जड कार्बन पुष्कळसा परत जाऊ देते. तूर, गहू, हरभरा, आंबा, साग या सर्वांची रीत हीच. ज्वारी, बाजरी, मका व ऊस यांचे मात्र तंत्र निराळे आहे. ही पिके वायूस प्रथम एका वेगळ्या रसायनाने पकडून पानाच्या आतल्या कोठडीत कोंडतात. कोंडल्यावर निवड करण्यास वाव फारसा उरत नाही. याचा परिणाम असा की, एका ठरीव मापाशी तुलना केल्यास कापशीत जड कार्बन हजारी सुमारे २७ नी कमी भरतो, तर ज्वारीत हजारी १२ ते १३ नीच कमी भरतो. शेजारशेजारच्या दोन शेतांतील कापूस व ज्वारी जाळून त्यांचा वायू यंत्रात घातला, तर कोणता कोणाचा हे यंत्र पीक न पाहता सांगते. ज्वारीची भाकर खाणाऱ्या मनुष्याच्या व जनावराच्या हाडांतसुद्धा ही खूण उतरते.

इतकेच नव्हे. पाऊस ओढ देतो तेव्हा कापशीचे पान पाणी वाचविण्यासाठी आपली रंध्रे मिटू लागते. दारे मिटली की आत अडकलेल्या थोड्या वायूवरच निर्वाह करावा लागतो. हलका कार्बन संपत येतो व नाइलाजाने जडही घ्यावा लागतो. म्हणून दुष्काळी वर्षाच्या पानात व लाकडात जड कार्बनाचे प्रमाण किंचित वाढलेले आढळते. ज्या वर्षाचा दुष्काळ गावातील म्हातारी माणसेही विसरून गेली असतील तो झाड विसरत नाही. पाण्याचीही अशीच कथा आहे. मेघातील जड पाणी आधी गळून पडते, म्हणून पाऊस जोराचा व सतत झाला की मागाहून येणारे पाणी हलके होत जाते. सागाच्या झाडास दरवर्षी एक वलय पडते आणि त्या वर्षीच्या पाण्याची जात त्या वलयाच्या तंतूंत बांधली जाते. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी आपल्या ठाणे जिल्ह्यातील सागाच्या वलयांत ही पर्जन्याची नोंद तपासून १९८९ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. अजिंठ्याच्या डोंगरातील साग पाहून मुलांनी आता त्याच्याकडे केवळ तुळया व फळ्या यांच्या दृष्टीने पाहू नये, अशी आमची इच्छा आहे.

सर्वच पाषाणपर्णे या परीक्षेस उतरत नाहीत. टाकळीची फळे व लाकडे पुष्कळशी गारगोटीच्या द्रव्याने भरून गेलेली असतात, त्यांत मूळ कार्बन थोडाच उरलेला असतो. परंतु जेथे पान दबून काळा पापुद्रा झाला, किंवा थरच्या थर साचून कोळसा झाला, तेथे मूळ द्रव्य शिल्लक आहे. वनस्पतींचा कार्बन हलका व चुनखडीचा जड, हा भेद नायर व गल्ब्रॅन्सन या दोघांनी १९३९ सालीच दाखवून दिला होता. पुढे त्यावर एक स्वतंत्र शास्त्रच उभे राहिले. या शास्त्राचा धागा आपल्या चरित्रनायकाच्या पायवाटेपर्यंत कसा येऊन पोहोचतो ते आता सांगतो.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचे खेडे आहे. जुन्या लिखाणात त्याचे नाव पिजदुरा असेही आढळते. तेथील शेतांत महाकाय सरपटणाऱ्या प्राण्यांची हाडे सापडतात. या ठिकाणाकडे विद्वानांचे लक्ष वेधणाऱ्या पहिल्या मंडळींत हिस्लॉप होते. मध्य हिंदुस्थानातील अशा हाडांविषयी व दातांविषयी त्यांनी लिहिलेल्या पत्रांतील उतारे लंडनच्या त्रैमासिकात १८६४ साली छापले गेले, पण ते पाहण्यास ते हयात नव्हते. त्याच पिसदुऱ्यास हाडांबरोबर गोलसर, लांबट असे दगडही मिळतात. हे दगड म्हणजे त्या प्राण्यांची पाषाणझालेली विष्ठा होय. वाचकांनी नाक मुरडू नये. गाईच्या शेणात जसा कडब्याचा चोथा दिसतो तसा या दगडांत त्या प्राण्यांनी खाल्लेल्या वनस्पतींचा चोथा बंदिस्त आहे.

२००३ साली आपल्या देशातील शास्त्रज्ञांच्या एका मंडळाने या दगडांतील सेंद्रिय द्रव्याच्या कार्बनाचे समस्थानिक मोजून त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्या प्राण्यांचा आहार कापूस-सागाच्या रीतीने कार्बन घेणाऱ्या वनस्पतींचा होता, ज्वारी-मक्याच्या रीतीच्या वनस्पतींचा नव्हे, असे त्यावरून दिसले. दोनच वर्षांनी, २००५ साली, याच दगडांत गवताच्या पेशींत बनणारे गारेचे सूक्ष्म कण ओळखण्यात आले. तोपर्यंत त्या काळी पृथ्वीवर गवत होते असे कोणास वाटत नव्हते! हे गवत, भाताच्या कुळाशी नाते सांगणारे, तेव्हाच निरनिराळ्या शाखांत विभागू लागले होते. भात हे गवतच असून तोही कापशीच्याच रीतीने कार्बन घेतो, म्हणून या दोन शोधांत विसंगती नाही. दोन्ही कामांत प्रा. अशोक सहानी यांचा भाग होता. ज्या बिरबल सहानींनी हिस्लॉपांचा पक्ष उचलून धरिला त्यांचे हे पुतणे.

कोळशाविषयी आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून आम्हांस राहवत नाही. ज्या सिलेवाड्यास हिस्लॉप पाने वेचीत त्याच भागात पुढे कोळशाच्या खाणी निघाल्या, आणि जवळच कोराडी व खापरखेडा येथे वीज निर्माण करणारी केंद्रे उभी राहिली. कोळसा म्हणजे जुन्या अरण्यांचा साठलेला हलका कार्बन. जगभर तो जळू लागल्यापासून हवेतील हलक्या कार्बनाचे प्रमाण वाढत आहे. यंत्रयुगापूर्वी हवेतील जड कार्बन त्याच ठरीव मापाहून हजारी सुमारे साडेसहानी कमी होता, तो आता साडेआठांच्या आसपास कमी भरतो. हा फरक झाडांच्या वलयांतही उमटत आहे. तेव्हा आपल्या शेतात यंदा फुटलेल्या बोंडाच्या कापसात ग्लॉसोप्टेरिसच्या पानातून सुटलेले काही परमाणू असतीलच. मुलांपैकी एकाने यावर विचारिले की, मग दिवा मालवावा काय? प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता, आणि त्याचे उत्तर आम्ही अद्याप शोधीत आहो.

असो. हिस्लॉपांकडे वळू.

दगडांइतकेच त्यांचे लक्ष माणसांकडे होते. मध्यप्रांतातील गोंड व इतर आदिवासी जमाती यांची भाषा, चालीरीती व गीते त्यांनी मोठ्या कष्टाने टिपून ठेविली. गोंडांच्या लिंगो नावाच्या वीरपुरुषाचे दीर्घ गीत त्यांच्या टिपणांमुळेच प्रथम छापील स्वरूपात वाचकांसमोर आले. ज्या गोंडांवरून या देशाच्या जुन्या शिलांस गोंडवन हे नाव पडले व पुढे दक्षिण गोलार्धातील एका लुप्त महाखंडासही तेच नाव मिळाले, त्यांच्याच भाषेचा अभ्यास त्यांच्या मुलखातील पाने वेचणाऱ्या मनुष्याने करावा, हे योग्यच झाले. १९१२ साली कॅप्टन स्कॉट यांची तुकडी दक्षिण ध्रुवाहून परतताना बर्फात गारठून मेली, तेव्हा त्यांच्या सामानात सुमारे १६ किलो दगड सापडले. त्यांतही ग्लॉसोप्टेरिसची पाने होती. ती पाने कोठली हे ओळखण्यास नागपूर-बरद्वानच्या पानांशी आधी झालेला परिचय उपयोगी पडला.

१८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला व नागपूर त्याची राजधानी झाली. पुढल्या वर्षी सर रिचर्ड टेंपल यांच्याकडे त्याचा कारभार आला. हे दोघे एकमेकांस चांगले ओळखीत. नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथे जमिनीवर मोठमोठे दगड वर्तुळाकार मांडलेले आहेत. ती कोणा प्राचीन लोकांची दफनस्थाने होत. ४ सप्टेंबर १८६३ रोजी ती पाहण्यासाठी टेंपल व हिस्लॉप तेथे गेले. पाहणी झाल्यावर टेंपल पुढे बोरीच्या मुक्कामास निघाले. हिस्लॉप मात्र मागे थांबले, कारण त्यांस तेथली शाळा तपासावयाची होती.

शाळा तपासून ते संध्याकाळी एकटेच घोड्यावरून निघाले. पावसाळ्याचे दिवस, पाऊस भरपूर झालेला, आणि सकाळी सहज ओलांडलेला ओढा आता फुगून पसरला होता. बोरीच्या मुक्कामी घोडा आला, पण त्यावर स्वार नव्हता. मशाली घेऊन माणसे शोधावयास निघाली. त्या पाण्यात हिस्लॉपांचा मृतदेह सापडला. चार दिवसांनी त्यांस ४६ वे वर्ष पुरे झाले असते.

शिक्षक या नात्याने आमचे मन या प्रसंगी एका गोष्टीपाशी वारंवार घुटमळते. ते टेंपलसाहेबांबरोबरच निघाले असते तर दिवसाउजेडी ओढा पार झाला असता. एका खेड्यातील मूठभर मुलांचा धडा ऐकण्यात तो वेळ गेला. ती मुले कोण होती, पुढे त्यांचे काय झाले, त्या संध्याकाळी त्यांनी कोणता धडा म्हणून दाखविला, हे कोणत्याही त्रैमासिकात छापलेले नाही.

मागे त्यांचे कुटुंब राहिले, अपुरी टिपणे राहिली, आणि नीट न लाविलेला दगडांचा ढीग राहिला. आदिवासींविषयीची टिपणे सर रिचर्ड टेंपल यांनी स्वतः संपादून १८६६ साली नागपुरास ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. टाकळघाटच्या शिलावर्तुळांचे काय रहस्य होते, हे जाणून घेण्याची त्यांची इच्छा मात्र तशीच राहिली. शंभराहून अधिक वर्षांनी, १९६८ च्या सुमारास, नागपूर विद्यापीठाच्या वतीने डॉ. शां. भा. देव यांनी टाकळघाट व शेजारच्या खापा येथे उत्खनन केले. वर्तुळांच्या खाली लोखंडाची हत्यारे व मातीची भांडी निघाली. ख्रिस्ती शकाच्या कित्येक शतके आधी त्या ओढ्याकाठी राहणाऱ्या लोकांची ती होती.

आमच्या विद्यार्थ्याचा शेवाळी अकीक आता शाळेच्या काचेच्या कपाटात ठेविला आहे. त्याखालच्या चिठ्ठीवर त्यानेच आपल्या हाताने लिहिले आहे की, ही वनस्पती नव्हे. कपाटातील त्याच्या शेजारची जागा आम्ही रिकामी ठेविली आहे. यंदाच्या नाताळच्या सुटीत मुलांपैकी दोघे आपल्या आप्तांकडे वरोऱ्यास जाणार आहेत.